बेरीज जुळली होती

माझ्या साडभाऊचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात हा हेवा प्रत्येक पायरीवर येतो. तो जुना आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, हेव्यालाही तेवढीच. साडभाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आणि चार इंचांनी उंच आहे. तो नागपूरला नोकरी करतो. वेगवेगळ्या कंपन्यांचा कारभार क्लाउडवर नेऊन बसवून देणं, हे त्याचं काम.

मी वर्ध्याला शेतकऱ्यांच्या एका संत्रा कंपनीत नोंदी सांभाळतो. ही कंपनी आष्टी तालुक्यातल्या संत्रा बागायतदारांनी मिळून काढली. प्रतवारीचं शेड तळेगावला आहे, आणि ऑफिस वर्ध्यात, नालवाडीतल्या माझ्या घरापासून पावणेतीन किलोमीटरवर. सभासद १,१८६, बागा १,४०२, झाडं ३,०४,६१८. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. पूर्वी सगळं रजिस्टरात आणि एक्सेलमध्ये होतं. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी ठरवलं की आपणही क्लाउडवर जाऊ, आणि ते काम साडभाऊला मिळालं. त्यानं ते चांगलं केलं, वेळेत केलं. मी त्यात चूक शोधायचा चार महिने प्रयत्न केला, सापडली नाही.

सप्टेंबरात आम्ही दोघं जावई आष्टीला सासुरवाडीत महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो होतो. ताटं वाढेपर्यंत सासऱ्यांनी कंपनीची चौकशी केली. मी मोबाईलवर सभासदांची यादी उघडून दाखवली. साडभाऊ शेजारीच बसला होता. त्यानं मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, एकाच नंबरवर चार-चार सभासद दिसून राह्यले. हे डुप्लिकेट साफ करा लागते कधीतरी."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा सासऱ्यांनी जोडला. म्हणाले, "मोठ्या जवायाले रजिस्टरच बरं होतं."

सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. पुरणपोळी मला आवडते, मी एरवी चार खातो. त्या दिवशी दीड खाल्ली.

तीन आठवडे ते वाक्य डोक्यात राहिलं. मग एका मंगळवारी ऑफिसात बसून मी मोजलं. सभासद १,१८६, पण वेगवेगळे मोबाईल नंबर फक्त ८७१. म्हणजे ३१५ नावं जास्तीची. साडभाऊनं बसवून दिलेल्या प्लॅटफॉर्मवर एकाच नंबरच्या नोंदी एकत्र करायची सोय आहे. ती वापरली. प्लॅटफॉर्मनं विचारलं, एका सभासदाच्या एकाच गट नंबरच्या बागाही एकत्र करायच्या का? मी हो म्हटलं. त्यानं बजावलं की हे परत फिरवता येणार नाही. त्यालाही हो म्हटलं. नंतर पडताळणी केली. झाडांची बेरीज आधी ३,०४,६१८ होती, नंतरही ३,०४,६१८. समाधान वाटलं. साडभाऊला फोन करून सांगावं असंही मनात आलं, पण ठरवलं की दिवाळीला सासुरवाडीत, सगळ्यांच्या समोर सांगू.

मी काय करून ठेवलं होतं ते नीट सांगतो. आमच्या सभासदांनी नोंदणीच्या वेळी स्वतःचा नंबर दिलेला नसतो. घरात जो फोन उचलतो त्याचा दिलेला असतो. चार भावांत एक भाऊ बोलका असतो, चौघांच्या फॉर्मवर त्याचाच नंबर. सुनेच्या फॉर्मवर नवऱ्याचा, नाहीतर भासऱ्याचा, म्हणजे थोरल्या दिराचा. एका गावात चौदा जणांनी मोबाईल रिचार्जच्या दुकानवाल्याचा नंबर दिला होता, कारण निरोप तो पोचवतो. हे सगळे फॉर्म मी स्वतः भरून घेतले आहेत. मला हे माहीत होतं. पण मी मंगळवारी माणसं पाहत नव्हतो, ३१५ हा आकडा पाहत होतो. भाऊ भावांत विरघळले, सुना नवऱ्यांत, आणि ते चौदा जण त्यांच्यातल्या सर्वांत आधी नोंदवलेल्या एका सभासदात गेले. बागाही तशाच. आमच्याकडे पुष्कळ घरांत वाटणी तोंडी झालेली असते. सातबाऱ्यावर एकच गट, आणि जमिनीवर मधे धुरा, म्हणजे बांध, घालून तीन भावांच्या तीन बागा. त्या तिन्हींची मी एक बाग केली.

दहा दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही. अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तळेगावहून एक सभासद बाई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या असतील. त्यांचा नवरा एसटीत कंडक्टर आहे, बाग त्याच पाहतात, २१० झाडं. महिनाअखेरीला आंबिया बहराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या संत्र्यांची, तोडणी सुरू व्हायची होती आणि त्यांना आपला तोडणीचा नंबर हवा होता. कंपनीची टोळी आणि गाडी कोणत्या बागेत कधी जाणार, त्या क्रमाला आम्ही नंबर म्हणतो. आमचे दोन पाहणीदार बागेत जाऊन फळ पाहतात, गट नंबर टाकून नोंद करतात आणि त्या नोंदीवरून नंबर लागतो. पाहणीची नोंद नसलेली बाग यादीच्या शेवटी जाते. शेवटी म्हणजे वीस-बावीस दिवस उशिरा. तोवर फळ थांबत नाही, गळून खाली पडतं.

मी त्यांचं नाव टाकलं. नाव नव्हतं. गाव टाकलं, गट टाकला. त्यांच्या भासऱ्याचं नाव आलं आणि त्याच्या पुढे ६४० झाडं. मी म्हटलं, बाई, तुमची बाग इथं दिसत नाही.

त्या म्हणाल्या, "भाऊ, पाहणीवाला येऊन गेला, म्या त्याले चहा पाजला. माहे झाडं मले दिसते, भासऱ्याले दिसते, पाहणीवाल्याले दिसते. तुमच्या कम्प्युटरलेच काऊन नाई दिसत?"

मला लगेच कळलं. त्यांना सांगितलं की चूक आमची आहे, तुमचा नंबर लागेल, मी स्वतः पाहतो. त्या गेल्यावर यादी वरून खाली पाहिली. तासाभरानं अध्यक्षांना फोन करून जे केलं होतं ते सगळं सांगितलं. मी आकडे लपवत नाही, तेव्हाही लपवले नाहीत.

अध्यक्ष सत्तरीचे, तळेगावचेच बागायतदार. कमी बोलतात. सगळं ऐकून म्हणाले, "बाबूजी, तुमच्या साडभाऊले बोलवा." मी म्हटलं, मी स्वतःच एकेक नोंद दुरुस्त करीन. ते म्हणाले, "तोडणीले किती दिवस आहेत? मोजून सांगा." सतरा होते. नंबरांची यादी त्याच्या आधीच्या सोमवारी लावायची, म्हणजे हातात दहा. मी फोन ठेवला आणि साडभाऊला लावला.

तो रागावला नाही, हसलाही नाही. एवढंच म्हणाला, की आत्ताच्या आत्ता सगळ्यांचं नोंदी करणं बंद करा, आणि दादा, तुम्ही काहीच दुरुस्त करू नका. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी तो आला आणि आठवडाभर आमच्याकडेच राहिला. बायकोनं त्याच्यासाठी समोरची खोली रिकामी केली, जिथला पंखा चांगला चालतो. काचेचा डिनर सेट निघाला, जो मी घरात असताना सहा वर्षं कपाटात होता. पाटवडीचा रस्सा सोमवारी झाला आणि बुधवारी पुन्हा झाला. मी बुधवारी विचारलं, की मागच्या वेळी आपल्याकडे हा कधी केला होतास? ती म्हणाली, "पाहुणा आहे तो. अन् तुमचंच काम निस्तराले आला आहे." हे खरं होतं. आमची मुलगी बारावीत आहे. पुढं काय शिकावं हे तिनं मला दोन वर्षांत विचारलं नाही, त्याला दोन संध्याकाळींत विचारून घेतलं. त्यानं समजावून सांगितलं, कागदावर काढूनही दाखवलं. त्याचं अक्षरही चांगलं आहे.

ऑफिसात आम्ही समोरासमोर बसलो. मला वाटत होतं की त्याच्याकडे एखादं बटण असेल, ते दाबलं की मंगळवारच्या आधीचं सगळं परत येईल. तसं नव्हतं. प्लॅटफॉर्म दर रविवारी सगळ्या नोंदींची एक प्रत काढून ठेवतो. माझ्या मंगळवारच्या आधीच्या रविवारची प्रत शाबूत होती. पण त्या रविवारपासून चूक सापडली त्या शुक्रवारपर्यंत बारा दिवस गेले होते आणि त्या बारा दिवसांत पाहणीदारांनी २६८ बागांची पाहणी टाकली होती. जुनी प्रत तशीच बसवली तर त्या २६८ पाहण्या जातात. नाही बसवली तर ३१५ माणसं जातात.

म्हणून आधी आराखडा. त्यानं वहीत एकेक मुद्दा लिहायला घेतला आणि प्रत्येक मुद्द्यावर मला विचारायचा, दादा, हे बरोबर वाटतं का? पहिलं, आता जे बिघडलेलं आहे त्याचीही प्रत काढायची, कारण आणखी बिघडलं तर निदान इथवर परत येता यावं. मग आपोआप जाणारे मेसेज बंद करायचे, नाहीतर सभासद पुन्हा बसवताना प्रत्येकाच्या फोनवर 'आपली नोंदणी झाली आहे' असा मेसेज जाईल आणि त्या रिचार्जवाल्याला चौदा मेसेज येतील. मग क्रम. आधी सभासद, मग बागा, मग पाहण्या. बाग सभासदाला जोडलेली असते आणि पाहणी बागेला. सभासदाआधी बाग बसवली तर तिला टेकायला कोणी नसतं. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून मोजणी करायची, आणि मोजणी न जुळल्यास पुढं जायचं नाही, मागं कसं यायचं ते आधीच लिहून ठेवायचं. खऱ्या जागी हात लावायच्या आधी तालमीच्या जागेत हे सगळं एकदा करून पाहायचं. शेवटी, पुढं जायचं की नाही ते शनिवारी अध्यक्षांसमोर ठरवायचं. असे तेरा मुद्दे झाले. मोजणीचं काम त्यानं माझ्याकडे दिलं. अध्यक्षांना फोनवर म्हणाला, "आकड्याच्या बाबतीत दादाइचा हात धरणारं कोणी नाई."

मोठ्या मनाच्या माणसाचा हेवा करणं फार कठीण काम आहे. त्याला कुठंच धरता येत नाही.

बारा दिवसांच्या पाहण्या परत कशा जोडायच्या, हा सातवा मुद्दा होता. पाहणी ज्या बागेवर टाकली होती त्या बागा काही ठिकाणी मीच एकत्र केल्या होत्या, म्हणून बागेचा जुना क्रमांक उपयोगाचा नव्हता. त्यानं लिहिलं: गाव आणि गट नंबर यांवरून जोडणे. मी वाचलं, आणि बुधवारी मला त्यात काही दिसलं नाही.

गुरुवारी तालीम झाली. सकाळी साडेदहाला सुरू केली. सभासद १,१८६, जुळले. बागा १,४०२, जुळल्या. झाडं ३,०४,६१८, जुळली. पाहण्या दोनशे अडुसष्टच्या दोनशे अडुसष्ट. साडभाऊनं खुर्ची मागं सारली, हात वर करून आळस दिला आणि चहा सांगायला खाली गेला.

तो खाली असताना मी त्या बाईंचं नाव टाकून पाहिलं. बेरजेनं मला एकदा फसवलं होतं, म्हणून. बाई होत्या. २१० झाडं होती. पाहणीचा रकाना रिकामा होता. त्यांच्या भासऱ्याचं नाव उघडलं, त्याच्या एका बागेवर तीन पाहण्या बसल्या होत्या, तिघांच्या. गाव तेच, गट तोच. प्लॅटफॉर्मला त्या गटाची पहिली बाग दिसली आणि त्यानं सगळं तिथंच टाकलं. बेरीज जुळली होती. बाई यादीच्या शेवटी गेल्या होत्या.

साडभाऊला हे सुचणं शक्य नव्हतं. तो नागपुरात वाढला. एका गटात तीन बागा असू शकतात आणि मधल्या धुऱ्याचा कागदावर पत्ता नसतो, हे त्याला कोण सांगणार? मीच. त्यासाठीच तर तो दर मुद्द्याला विचारत होता.

तो चहा घेऊन वर आला. म्हणाला, "जुळलं ना दादा सगळं?"

मी म्हटलं, "बेरीज जुळली."

हे खोटं नव्हतं. मी खोटं बोलत नाही, आणि त्या दिवशी कळलं की खोटं न बोलताही केवढं करता येतं.

त्या वेळी मनात काय होतं ते लिहितो. सोमवारी यादी लागेल. लोक ओरडत येतील. अध्यक्ष विचारतील, आराखडा कोणाचा? सासरेही विचारतील. सोळा वर्षांत एकदा तरी तो चुकलेला मला पाहायचा होता. ती चूक माझ्या चुकीच्या शेजारी ठेवायची होती, म्हणजे माझी जरा लहान दिसली असती. बाईंच्या झाडांचा विचार आला नाही असं नाही. आला. मी त्याला म्हटलं, नंतर.

शुक्रवारी तो अध्यक्षांना दाखवायला आराखडा नीट टाइप करत बसला होता. मी दुसऱ्या टेबलावर, कोणी न सांगता, अशा किती बागा आहेत ते मोजत होतो. एकोणीस गट निघाले, त्यांत पाहणी चुकीच्या बागेवर गेलेल्या सत्तेचाळीस बागा. गाववार नावं लिहिली, झाडं लिहिली. गप्प बसायचं ठरवलेल्या माणसानं मोजायचं कशाला, हे माझ्या बायकोनं नंतर विचारलं. न मोजता बसवत नव्हतं एवढंच. कागद घडी करून खिशात ठेवला. घरी गेलो तेव्हा बायको फोनवर बहिणीला सांगत होती, की भाऊंनी सगळं आणलं बरं परत, हे तर आजारीच पडले असते. मी हात धुऊन जेवायला बसलो.

शनिवारी अकरा वाजता अध्यक्ष आले. साडभाऊनं बारा मुद्दे वाचून दाखवले. तेरावा होता माझी सही: मोजणी तपासली, आकडे जुळले. त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. अध्यक्ष म्हणाले, "बाबूजी, करा सही. उद्या आटपून टाका."

मी पेन काढलं. चौदा वर्षं कंपनीत, त्याआधी नऊ वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये, मी न जुळलेल्या आकड्याखाली सही केलेली नाही. ते पुण्य म्हणून नाही. हात वळत नाही. डावखुऱ्याला उजव्या हातानं लिहायला सांगावं तसं होतं. 'आकडे जुळले' यावर मी पेन टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पडला.

म्हणालो, "बेरीज जुळली. माणसं नाई जुळली."

मग साडभाऊ म्हणाला, "किती, दादा?"

"सत्तेचाळीस," मी म्हणालो. "एकोणीस गटांत."

तो माझ्याकडे पाहत राहिला. हुशार माणूस आहे. सत्तेचाळीस हा आकडा कोणाच्या तोंडून एकदम निघत नाही. त्याला दिवस लागतो, हे त्याला कळलं. मी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आता तो अध्यक्षांसमोर विचारणार, हे कधी पाहिलं? मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही. कागद उघडला, वरून खाली वाचला आणि अध्यक्षांना म्हणाला, "काकाजी, सातवा मुद्दा चुकला माहा. हे सत्तेचाळीस हातानंच बसवा लागते. आज न् उद्या दुपारपर्यंत करून टाकतो आम्ही दोघं."

पाहणीदारांनी बागेत काढलेल्या फोटोंवरून निम्मी उलगडली. उरलेल्यांसाठी आम्ही त्याच्या गाडीनं आर्वीवरून तळेगावला निघालो. दीड तासाच्या रस्त्यात तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. संत्र्याला पाणी तोडून ताण किती दिवस देतात, आंबिया आणि मृग या बहरांत फळ कोणाचं चांगलं, असं विचारत राहिला. मला सांगावं लागलं. बागांमध्ये तो लोकांना विचारायचा, धुरा कुठून जातो? आणि लोक त्याला माझ्यापेक्षा लवकर सांगायचे. मी चौदा वर्षं त्या गावांत जातोय. त्याला पहिल्या भेटीत दोन घरी जेवून जा म्हणाले.

त्या बाईंच्या बागेत संध्याकाळी पोचलो. त्यांनी भासऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून धुरा दाखवला, मधे एक बाभळीचा खुंट होता. बाई साडभाऊला म्हणाल्या, "हे भाऊ त्या दिवशी म्हणत होते, बाग दिसत नाई. तुमाले दिसली का?" तो म्हणाला, "मलेही नव्हती दिसली, ताई. दादाइनंच दाखवली." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फळाला हात लावून पाहत असल्यासारखं केलं. फळ तयार होतं. दोन आठवड्यांपलीकडे झाडावर राहिलं नसतं.

रविवारी दुपारी दोनला खरं काम सुरू केलं आणि पाच वाजून वीस मिनिटांनी संपलं. या वेळी मी नुसती बेरीज केली नाही. सत्तेचाळीस नावं एकेक उघडून पाहिली, मग आणखी शंभर कुठलीही. सगळी आपापल्या जागी होती. मग सही केली. सोमवारी यादी लागली. बाईंचा नंबर तेविसावा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात.

इथं संपायला हवं होतं. पण अशा कामानंतर एक अहवाल लिहायचा असतो: काय बिघडलं, कधी कळलं, कसं दुरुस्त केलं. साडभाऊनं तो लिहून सोमवारी सकाळी माझ्याकडे तपासायला दिला आणि आंघोळीला गेला. पहिल्या पानावर माझा मंगळवार होता, जसा होता तसा. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: सातव्या मुद्द्यातील त्रुटी शनिवारी, अंतिम पडताळणीच्या वेळी, नोंदप्रमुखांच्या लक्षात आली.

शनिवार. त्याला माहीत होतं की शनिवार नाही. माझ्यासाठी त्यानं तो लिहिला होता.

मी बराच वेळ तो शब्द पाहत बसलो. चुकीचा वार आहे, हे एक झालं. दुसरं असं, की हा शनिवार मी ठेवला तर आयुष्यभर त्याच्या उपकाराखाली राहीन, आणि तो कधी बोलूनही दाखवणार नाही. ते जास्त जड होतं. या दोहोंतल्या कोणत्या कारणानं मी पेन उचललं, ते आजही नक्की सांगता येत नाही. शनिवार खोडला आणि वर गुरुवार लिहिलं. शेजारी छोटी सही केली, खाडाखोडीजवळ करतात तशी.

अध्यक्षांनी अहवाल आम्हा दोघांसमोर वाचला. दुसऱ्या पानावर थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुवारी दिसलं, तं गुरुवारी काऊन नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "साडभाऊवर जळून राह्यलो होतो."

साडभाऊ खिडकीबाहेर पाहायला लागला. अध्यक्षांनी अहवाल खाली ठेवला. मला वाटलं आता कामावरून काढतात. ते म्हणाले, "माह्या साडभाऊचं शेत कॅनॉलवर आहे. माहं नाई. चाळीस वरसं झाले." मग म्हणाले, "तुमी जळा, बाबूजी. पण गुरुवारचं गुरुवारी सांगत जा. हे त्या आराखड्यात लिहा, तुमच्या हातानं."

म्हणून चौदावा मुद्दा मी लिहिला: तालमीत ज्याला जी त्रुटी दिसेल, ती त्यानं त्याच दिवशी लेखी कळवावी, ती कोणाच्या कामातली आहे, हे पाहू नये. साडभाऊनं वाचलं. म्हणाला, चांगलं झालं. मग बॅग भरली, बायकोनं दिलेले सांडगे घेतले आणि गेला.

आता तो हाच आराखडा नागपूरला इतर कंपन्यांना दाखवतो. चौदा मुद्द्यांचा. बायकोला बहिणीनं फोनवर सांगितलं, की मोठमोठे लोक त्याची तारीफ करतात, त्यातही त्या शेवटच्या मुद्द्याची जास्त. असं कोणाच्याच आराखड्यात नसतं म्हणे. बायकोनं हे मला जेवताना सांगितलं आणि कौतुकानं म्हणाली, "किती दूरचा विचार करते पाहा तो."

मी तिला सांगितलं, की चौदावा माझा आहे. ती म्हणाली, "हो, पण आराखडा तर त्याचाच ना."